पेटीवर कोण होतं?

शास्त्रीय संगीताची सीडी संगणकात घातली की पडद्यावर बहुतेक वेळा एवढंच येतं: ट्रॅक १, ट्रॅक २, अननोन आर्टिस्ट. इंटरनेट चालू असेल तर कधी गायकाचं नाव येतं, कधी रागाचं. पेटीवर कोण आहे, तबला कोणाचा आहे, मागे तंबोऱ्यावर कोण बसलं आहे, हे मात्र येत नाही. मी मिरजेत पेटी शिकवते, त्यामुळे मला ही उणीव किरकोळ वाटत नाही. ज्या घरात अजून सीडी जपलेल्या आहेत आणि त्या वाचणारा एखादा जुना संगणकही आहे, त्या घराकडे आज एक काम आलं आहे. सीडी संगणकात नीट उतरवून घ्यायच्या आणि सोबतच्या कागदावर छापलेली सगळी नावं, अगदी शेवटच्या तंबोऱ्यापर्यंत, हाताने टाइप करायची. हे काम घरोघरच्या श्रोत्यांनीच करायला हवं, कारण कंपन्या ते करतील अशी चिन्हं मला दिसत नाहीत.

मुळात तबकडीवर नावं नसतातच. सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीचे नियम ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिल्या सीडी विक्रीला आल्या. त्या नियमांत आवाजाची सोय चोख होती. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज, डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंनी, आणि कोणता भाग कुठे सुरू होतो त्याची एक यादी. तबकडी दिवाणखान्यातल्या प्लेअरवर वाजणार आणि नावं डबीतल्या कागदावर वाचली जाणार, असंच तेव्हा गृहीत धरलेलं होतं. पुढे १९९६ मध्ये तबकडीवरच नावं लिहिण्याची सोय निघाली, पण आपल्या संगीताच्या सीडींत ती माझ्या पाहण्यात फारशी आलेली नाही.

मग संगणकावर नाव येतं कुठून? १९९३ मध्ये टी कान आणि स्टीव्ह शर्फ या दोघांनी एक सामाईक यादी सुरू केली. तबकडीवर किती भाग आहेत, ते कोणत्या सेकंदाला सुरू होतात आणि एकूण लांबी किती, यावरून संगणक एक ओळखक्रमांक काढतो. ज्याने ती सीडी पहिल्यांदा लावली त्याने नावं टाइप करायची, म्हणजे नंतर लावणाऱ्या प्रत्येकाला ती आपोआप दिसतात. जगभरच्या रसिकांनी विनामोबदला केलेलं हे काम होतं. पुढे ती यादी धंद्याची मालमत्ता झाली. तिला पर्याय म्हणून उभी राहिलेली 'फ्रीडीबी' ही मोफत यादीही २०२० मध्ये बंद पडली. 'म्युझिकब्रेन्झ' ही लोकांनी चालवलेली यादी आज सुरू आहे.

आपल्या संगीताची यात दुहेरी पंचाईत होते. पाश्चात्त्य सीडीवर दहा-बारा गाणी असतात, त्यामुळे वेळांचा तो नकाशा सहसा दुसऱ्या सीडीशी जुळत नाही. आपल्याकडे एका सीडीवर एक राग, फार तर बडा ख्याल, छोटा ख्याल आणि शेवटी एखादी ठुमरी. दोन-तीनच भाग असले की त्या जुन्या पद्धतीत दुसऱ्याच कुठल्या तरी सीडीशी क्रमांक जुळण्याची शक्यता वाढते. ललत लावावा आणि पडद्यावर परदेशी बँडचं नाव यावं, असं म्हणूनच होतं. दुसरी पंचाईत अशी की यादीत मुख्य रकाना एकाच 'कलाकारा'चा. मैफल चार-पाच माणसांची असते आणि रकान्यात एकच माणूस मावतो.

तीच सवय आता मोबाइलवरच्या ॲपांनी उचलली आहे. मी जे ॲप वापरते त्यावर गोविंदराव पटवर्धनांचं नाव शोधलं तर त्यांचं एकलवादन सापडतं, पेटीवरची नाट्यगीतं सापडतात. पण कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे यांना त्यांनी जी साथ केली, ते त्यांचं आयुष्यभराचं काम त्यांच्या नावाखाली दिसत नाही. आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर यांचंही तसंच. पेटी शिकणाऱ्या मुलाला नेमकं हेच ऐकायचं असतं. गवयाची तान संपते, तो श्वास घेतो, त्या क्षणात पेटीने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे एकलवादनातून शिकता येत नाही. ते साथीतूनच शिकावं लागतं, आणि त्यासाठी साथ कोणाची हे आधी कळावं लागतं.

पेटीच्या बाबतीत यामागे एक जुनी जखम आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हाही उठली ती काही अंशीच. ज्यांची नावं मी वर घेतली, त्यांची उमेदीची वर्षं या बंदीत गेली. आकाशवाणीच्या संग्रहात त्या तीन दशकांतल्या गायनाच्या ध्वनिफिती आहेत, पण पेटी नाही. म्हणून या लोकांचं काम उरलं ते रेकॉर्डवर, कॅसेटवर, खाजगी मैफलींच्या टेपवर आणि या सगळ्यांवरून पुढे निघालेल्या सीडींवर. तिथूनही नाव गळून पडलं तर ते काम होतं हेच पुढच्या पिढीला कळणार नाही.

७८ च्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. त्यात पेटीला वाव तो किती? केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका सूर्यमालेच्या पलीकडे पोहोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नासाच्या यादीत त्या नोंदीपुढे गायिकेचं नाव आहे, बोल आहेत, साडेतीन मिनिटं ही लांबी आहे. साथीदारांची नावं नाहीत.

एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं. अख्खा राग मध्ये न तोडता, बाजू न पालटता ऐकण्याची घरच्या श्रोत्याची ती पहिली वेळ. संथ विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं, आणि तेवढा वेळ ठेका भरून ठेवणं, पेटी गायकाच्या सावलीत ठेवणं, तंबोऱ्याची जवारी सरू न देणं ही सगळी कामगिरी सीडीवर स्वच्छ ऐकू येते. साथसंगतीला न्याय देणारं माध्यम लोकांच्या हाती आलं, आणि आता तेच माध्यम आपण माळ्यावर टाकतो आहोत.

डबीतला तो कागद एकदा काढून वाचा. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात तबला, हार्मोनियम, तंबोरा व स्वरसाथ. कधी ध्वनिमुद्रण कुठलं आणि कोणत्या वर्षीचं, तेही. एलपीवरून काढलेल्या सीडींत यातलं बरंचसं आधीच गळालेलं असतं. शंभर गाण्यांच्या एमपीथ्री सीडी रस्तोरस्ती विकल्या जात होत्या, त्यांत तर कागदच नसे. म्हणजे ज्या सीडीसोबत कागद आहे, तो काही वेळा त्या नावांचा घरात उरलेला एकमेव पुरावा असतो. डबी रद्दीत गेली की तो गेला. मुंबईत काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झालं. दुकानात उभं राहून कागद वाचत सीडी निवडणं आता होत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा तुमचा भावनेचा प्रश्न आहे. भावना आहेच, पण कायदाही आहे. जून २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात ३८ब हे कलम आलं. आपल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क ते कलाकाराला देतं. सादरीकरण ज्या प्रकारे वापरलं जातं त्यामुळेच नाव वगळावं लागत असेल, तेवढाच अपवाद. गाण्याखाली चार ओळी जास्त दाखवणं ॲपला अशक्य आहे, असं कोण म्हणेल? ज्या पडद्यावर जाहिरातीला जागा आहे, तिथे तबलजीच्या नावालाही आहे. संगीत कंपन्यांनी आपल्या जुन्या सीडींचे कागद स्कॅन करून नोंदींना जोडावेत आणि साथीदारांची नावं शोधता येतील अशी द्यावीत, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी. कलाकारांच्या संघटनांनी तर ती पहिल्यांदा करायला हवी.

याच दुरुस्तीने श्रोत्यालाही एक गोष्ट दिली. खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराची कलम ५२ मधली मुभा आता ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतः ऐकण्यासाठी संगणकात उतरवताना चोरी करतोय असं वाटण्याचं काही कारण नाही. ही भीती लोकांच्या मनात कंपन्यांनीच घातली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की न सांगता एक लपलेलं सॉफ्टवेअर बसत असे. मार्क रसिनोविच यांनी ते उघडकीला आणलं आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. प्रती काढून बाजारात विकणं किंवा वाटत सुटणं ही वेगळी गोष्ट, आणि ती चूकच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. इथे पुष्कळ घरांत हळहळ वाट्याला येते ती अज्ञानामुळे. पालक मला पेन ड्राइव्ह आणून देतात, 'सगळ्या सीडी कॉपी करून आणल्या' म्हणतात, आणि आत काही वाजत नाही. विंडोजवर संगीताची सीडी उघडली की सीडीए नावाच्या फाइली दिसतात. त्या प्रत्येकीचा आकार ४४ बाइट, म्हणजे त्यात आवाज नाहीच. भाग कुठे सुरू होतो तेवढी खूण आहे. त्या ओढून पेन ड्राइव्हवर टाकल्या तर हाती खुणा येतात. मग समाधानाने सीडी टाकून दिल्या जातात. कृपा करून असं करू नका. विंडोज मीडिया प्लेअरमधला 'रिप' हा पर्याय वापरा किंवा 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचं सॉफ्टवेअर घ्या.

दुसऱ्याची मी विशेष शिफारस करते. प्लेअरवर सीडी वाजत असताना ओरखडा आला की यंत्राला थांबायला वेळ नसतो, ते मधला आवाज अंदाजाने भरतं किंवा अडखळतं. संगणकाला घाई नसते. तीच जागा तो पुन्हा पुन्हा वाचून जुळवून घेऊ शकतो. दिवाणखान्यात खरखरणाऱ्या काही सीडी संगणकात चांगल्या उतरतात, त्या यामुळे. आधी मऊ कापडाने पुसा, पण मधून कडेकडे सरळ. गोल गोल नको. आणि चकचकीत बाजूइतकीच छापील बाजू जपा. नोंद त्या छापील बाजूच्या लगेच खाली असते, तिथे खरवडलं तर उपाय नाही.

फाइल एमपीथ्री नको, फ्लॅक करा. एक तासाची सीडी तशीच ठेवली तर साधारण ६३५ एमबी जागा घेते. फ्लॅकमध्ये ती निम्म्याच्या आसपास येते आणि मुळातलं काहीही कमी होत नाही. शंभर सीडींचा संग्रह ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतो. १२८ च्या एमपीथ्रीत आकार अकरा पटींनी घटतो, तो काही तरी टाकून देऊनच, आणि माझ्या कानाला पहिल्यांदा जाते ती तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झणक. मिरजेत जिथे जवारी काढणारे कारागीर सुताचा धागा केसभर सरकवून तास तास घालवतात, तिथे राहून मला हे सोसत नाही. शिवाय एमपीथ्रीच्या फाइलीत सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. विलंबितातून द्रुतात जाताना ज्या ठिकाणी भाग बदलतो, तिथे खरं तर क्षणाचाही खंड नसतो. नेमक्या समेच्या अलीकडे तो खंड पडला तर सगळं मोडतं.

संगणकावर सीडी ऐकण्याचे शिकण्याच्या दृष्टीने दोन मोठे फायदे आहेत आणि ते मी मुलांना आवर्जून दाखवते. पुष्कळ स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ऐकू येते, बैठकीत बसतात तशी. आवाजाचा तोल एका बाजूला पूर्ण सरकवला की पेटी पुढे येते आणि गवई जरा मागे सरतो. दुसरं, व्हीएलसीसारख्या प्लेअरवर पट्टी न बदलता गती कमी करता येते. द्रुत तानेमागे धावणारी पेटी निम्म्या गतीत ऐकली की कोणते सूर मुद्दाम गाळले आहेत ते कळतं. माझी एक विद्यार्थिनी असं ऐकल्यावर म्हणाली, "ताई, हे तर वाजवण्यापेक्षा थांबतातच जास्त." तिला साथ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, आणि माझ्या दहा तासांच्या सांगण्याने ते कळलं नव्हतं.

नावं लिहिताना देवनागरीत लिहा, आताचे प्लेअर ती नीट दाखवतात. इंग्रजी अक्षरांत एकाच माणसाची चार स्पेलिंगं होतात आणि काम चार ठिकाणी विखुरतं. 'कलाकार' या रकान्यात एकट्या गायकाचं नाव येऊ देत, पण 'कॉमेंट' या रकान्यात सगळ्यांची नावं वाद्यासह, ताल, ठिकाण आणि वर्ष लिहा. कागदाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. शक्य असेल तर म्युझिकब्रेन्झवरही भरा. तिथे साथीदारांसाठी वेगळी जागा आहे. यूट्यूबवर जुन्या मैफली टाकणारे कित्येक संग्राहक खाली साथीदारांची नावं निष्ठेने लिहितात. त्यांच्यामुळे मला जे सापडलं ते मोलाचं आहे.

आजच्या बहुतेक लॅपटॉपना सीडीचा ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, पण तोही दरवेळी दुकानात असतोच असं नाही. इथे सार्वजनिक ग्रंथालयं मोठं काम करू शकतात. तालुक्याच्या प्रत्येक 'अ' वर्ग ग्रंथालयात ड्राइव्ह असलेला एक संगणक ठेवावा, सभासदाने आपली सीडी आणून आपल्यापुरती उतरवून न्यावी, आणि जाताना कागदावरची नावं ग्रंथालयाच्या वहीत नोंदवावीत. यासाठी मोठा निधी लागत नाही. ग्रंथालय संचालनालयाने एक परिपत्रक काढलं तरी सुरुवात होईल.

आणि सगळ्यात आधी हात घालायचा तो घरी राइट केलेल्या सीडींना. कंपनीच्या छापील सीडीत नोंद खळग्यांच्या रूपात पक्की असते. राइट केलेल्या सीडीत ती एका रंगद्रव्याच्या थरावर असते, आणि तो थर ऊन, उष्णता आणि काळ यांनी उडत जातो. वीसेक वर्षांपूर्वी गावोगावच्या रसिकांनी खाजगी बैठकींच्या कॅसेट मोठ्या प्रेमाने सीडीवर राइट करून घेतल्या, वर स्केचपेनने राग आणि गवयाचं नाव लिहिलं. त्या बैठकी कोणत्याही ॲपवर नाहीत. त्यांच्यासोबत छापील कागदही नाही. साथीला कोण होतं ते ठाऊक असलेली माणसं, म्हणजे त्या बैठकीत समोर बसलेली, आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यांच्याकडे जा. नुसती सीडी नेऊन उपयोग नाही, ती लावायला त्यांच्याकडे आता काही नसतं. उतरवलेली फाइल लॅपटॉपवर न्या, चांगले हेडफोन न्या, वही न्या. काय सांगितलं ते, कोणी सांगितलं ते आणि तारीख, तिन्ही लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, पण जागा रिकामी सोडू नका. जाणत्या श्रोत्याला तबला बहुधा पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच ओळखू येतो. पेटीला वेळ लागतो, तेव्हा सीडी निम्मी होईपर्यंत मध्ये काही विचारू नका.